चौकशीची खिडकी

आमची आत्या गूगलला 'अहो' म्हणते. फोन तोंडाजवळ धरते, माईकचं ते चित्र दाबते, आधी एकदा घसा खाकरते आणि मग, "अहो, जरा सांगता का, कडव्या वालांना मोड यायला किती दिवस लागतात, मी काल सकाळी भिजत घातलेत." काल सकाळी घातलेत हे गूगलला कशाला सांगायचं हा प्रश्न तिला पडत नाही, कारण वाण्याकडं गेलं काय, डॉक्टरकडं गेलं काय, माणूस एवढं तर सांगतोच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसलो आणि मग शहाणपणा करायला गेलो, की आत्या, एवढं नाही बोलायचं, नुसतं 'कडवे वाल मोड दिवस' म्हण. तिनं माझ्याकडं बघितलं. "कुणाला काही विचारायचं तर असं तुटक विचारतात होय? हे तर मागणं झालं, विचारणं नाही."

त्यानंतर मी दीडेक वर्ष आमच्या गावातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी ज्येष्ठ मंडळींना इंटरनेट शिकवायला बसलो, आणि आता मागं वळून बघताना वाटतं की आत्याचं ते वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवायला पाहिजे होतं, माझे पहिले दोन महिने तरी वाचले असते.

गाव म्हणजे वाई. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, हळद, आणि पिक्चरच्या शूटिंगला येणारे लोक. ह्या गावात इंटरनेट आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. देशात व्हीएसएनएलनं सामान्य माणसाला इंटरनेट द्यायला सुरुवात केली ती १५ ऑगस्ट १९९५ ला, पण ते मोठ्या शहरांत, आमच्याकडं सायबर कॅफे यायला पुढं बरीच वर्षं गेली. प्लायवूडचे चार कप्पे, प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा, तासाला पन्नास रुपये. मोडेमचा तो घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज व्हायचा आणि तो आवाज थांबला की आपण 'आत'. कॅफेवाल्याच्या घरचाच फोन त्याला जोडलेला असल्यामुळं दिवसभर एंगेज, त्यामुळं त्याची बायको मधूनमधून येऊन "माझ्या माहेरचा फोन येणारे, काढा ते" म्हणायची आणि आमचं अर्धं उघडलेलं पान तिथंच राहायचं.

तेव्हा शोधायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. पत्ते माहीत असायचे. भिंतीवर एक कागद चिकटवलेला, त्यावर पेनानं लिहिलेले, हॉटमेल, याहू, रेडिफ, रेल्वे, आणि खाली लाल शाईत बोर्डाच्या रिझल्टचा पत्ता. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी त्या कॅफेबाहेर अशी गर्दी असायची की ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता असे बाप हातात सीट नंबरची चिठ्ठी घेऊन उन्हात उभे असायचे, साइट उघडायची नाही, उघडली की पळापळ, प्रिंटचे दहा रुपये वेगळे. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लोकांची इंटरनेटशी पहिली ओळख ही अशी झाली. काहीतरी आपलं आत अडकलंय, आणि खिडकीतला एक पोरगा ते बाहेर काढून देतो.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वीस वर्षांनी शनिवारच्या वर्गात जी मंडळी आली त्यांच्या डोक्यात हेच इंटरनेट होतं. हातात फोन स्वतःचा, डेटा स्वतःचा (सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि तोवर जपून वापरायची ही वस्तू नळाच्या पाण्यासारखी झाली), तरी काही शोधायचं झालं की "नातू आला की बघू". सातबारा पाहिजे, सेतूत जाऊ. लाइट बिल, पोरगा भरतो. स्वतःच्या हातानं फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभात आणि यूट्यूबवरचं कीर्तन.

आणि भाषेची भीती होती, ती मला आधी कळलीच नाही. एक निवृत्त शिक्षिका पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आमचं इंग्रजी तेवढं चांगलं नाही हो." मी म्हणालो, बाई, मराठीत लिहा की. तर त्यांना ते खरंच वाटेना. त्यांचंही बरोबर होतं, कारण त्यांनी मुलाच्या कॉम्प्युटरवर कधीतरी २००२-०३ च्या आसपास मराठी पेपर उघडून बघितला होता आणि तिथं सगळी वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची रांगोळी दिसली होती. तेव्हा प्रत्येक पेपरचा फाँट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा, मग पान दिसणार, आणि दिसलं तरी त्यातला शब्द शोधून सापडणार नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तिथं 'क' नव्हताच, कुठलंतरी इंग्रजी अक्षर होतं ज्याला 'क'चा मुखवटा घातलेला. म्हणजे मराठी नेटवर होती पण कुणी हाक मारली तर ओ देणारी नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरी अगदी पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून आहे, पण ते आपल्या घराघरातल्या मशीनपर्यंत झिरपायला दहा-पंधरा वर्षं लागली. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मेला सुरू झाला, आणि मराठीत बोलून शोधायची सोय गूगलनं २०१७ साली दिली. बाईंनी रांगोळी बघून दार लावून घेतलं आणि नंतर आत माणसं राहायला आली हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी त्या दिवशी थरथरत्या बोटानं 'पालखी मार्ग' असं टाइप केलं आणि समोर सगळं मराठीच मराठी आलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला.

बोलून शोधण्यात मात्र गमती फार. आत्यानं घेवड्याची भाजी विचारली तर फोननं ऐकलं 'घे वडा', आणि बटाटेवड्याच्या दहा रेसिपी पुढ्यात. "मी घेवडा म्हणाले, वडा नाही!" ती फोनवर ओरडली, तर त्यानं तेवढंही इमानदारीनं शोधून दिलं.

आता शिकवण्याबद्दल. मी पहिल्या दिवशी पाठ केलेलं वाक्य टाकलं, की इंटरनेट म्हणजे जगातली सगळ्यात मोठी लायब्ररी. वाचनालयातच बसलो होतो, म्हटलं उदाहरण चपखल. तर मागून एक आजोबा, एसटीत कंट्रोलर होते, त्यांनी विचारलं, "मग ग्रंथपाल कोण?" मी म्हणालो, ग्रंथपाल नसतो. "मग पुस्तकं कोण निवडतं?" कुणी नाही, ज्याला वाटेल तो आणून ठेवतो. "म्हणजे लायब्ररी नव्हे, बाजार आहे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

मग त्यांच्याच धंद्यातनं मला उदाहरण सापडलं. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते बघा. आपण विचारतो, सातारा गाडी कुठली, आतला माणूस म्हणतो फलाट तीन. तो गाडी चालवत नाही, गाडी त्याची नाही, गाडीत काय होईल त्याची जबाबदारी त्याची नाही. गूगल म्हणजे ती खिडकी. आपण वाचतो ते पान म्हणजे गाडी, ती दुसऱ्याच कुणाची. आणि खिडकीच्या शेजारी उभं राहून "चला सातारा सातारा सातारा, लगेच सुटणार" म्हणून बखोटीला धरणारे वडापवाले, म्हणजे खाजगी जीपवाले, असतात की नाही? ते म्हणजे सगळ्यात वर येणारे जाहिरातीचे निकाल. बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं. वडाप वाईटच असतं असं नाही, मीही जातो वडापनं, पण वडापला एसटी समजून बसू नये एवढंच. हे सगळ्यांना एका झटक्यात समजलं. त्या दिवसापासून वर्गात जाहिरातीला 'वडाप' हाच शब्द रूढ झाला, अजूनही कुणी फोन दाखवायला येतं ते "हे वडाप आहे का बघा" म्हणतच.

खिडकीतल्या माणसाला कुठली गाडी कुठं लागलीय हे कसं कळतं, हा पुढचा प्रश्न कंट्रोलरसाहेबांचाच. इथं मी जनगणनेचे मास्तर आणले. घरोघर जातात, नोंदी करतात, दारावर खूण करतात, पुढच्या घरी. गूगलचे प्रोग्रॅम असेच एका पानावरच्या लिंकवरनं दुसऱ्या पानावर जातात, वाचतात, आणि पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी एक अवाढव्य सूची करून ठेवतात, कुठला शब्द कुठल्या पानावर. आपण विचारतो तेव्हा ते जगभर पळत सुटत नाहीत, ती सूची बघतात. त्यामुळं दोन गोष्टी होतात. ज्या घराला रस्ताच नाही तिथं मास्तर पोचत नाहीत, म्हणजे ज्या पानाला कुणीच लिंक दिली नाही ते शक्यतो सापडत नाही. आणि मास्तर येऊन गेल्यावर घरात काय झालं ते वहीत नसतं. वाई-पुणे एसटीचं टाइमटेबल शोधलं तर वरचंच पान कित्येक वर्षांपूर्वीचं निघालं, कंट्रोलरसाहेब ते वाचून खदाखदा हसले, त्यातल्या दोन गाड्या त्यांच्याच कारकिर्दीत बंद झालेल्या. तारीख बघायची सवय वर्गाला त्या हसण्यातनं लागली, मी सांगून लागली नसती.

पण खरी ओळख पटली ती सातबाऱ्यानं. धोमकडच्या एका गावचे तात्या येत, पंचाहत्तरीचे, बोलणं कमी. एक दिवस म्हणाले, माझा सातबारा ह्यात दिसतो का. मी म्हणालो तुम्हीच शोधा. 'सातबारा' टाकलं तर धो धो निकाल. अॅप, व्हिडिओ, 'फक्त दोन मिनिटांत' म्हणणारी पानं, सरकारी वाटावं असं चिन्ह लावलेल्या बिनसरकारी साइट. आता ह्यातली एसटी कुठली? पत्त्यातल्या साइटच्या नावाच्या शेवटी, म्हणजे त्या नावानंतरच्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी, जीओव्ही डॉट इन आहे का बघायचं. नावाच्या मधे किंवा रेघेच्या पुढं कुठंतरी असून चालत नाही, कारण तिथं काय वाट्टेल ते लिहिता येतं. सगळ्यांनी मिळून महाभूमी जीओव्ही डॉट इन हुडकून काढलं. मग विभाग पुणे, जिल्हा सातारा, तालुका वाई, गाव, गट नंबर (तो तात्यांना पाठ, स्वतःचा मोबाइल नंबर पाठ नाही पण गट नंबर पाठ), मग मोबाइल नंबर, मग ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची परीक्षा, जिच्यात तात्या दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "आम्ही माणूस आहे हे ह्यो मशीन ठरवणार व्हय." नुसता बघायचा असेल तर फुकट, कामाला लावायचा डिजिटल सहीचा उतारा पाहिजे तर १५ रुपये.

उतारा उघडला. तात्यांनी फोन लांब धरला, मग जवळ घेतला. बोटानं एकेक नाव वाचत खाली आले आणि एका नावावर थांबले. थोरला भाऊ. जाऊन चार वर्षं झाली होती. "वारस नोंद लावायची राहिलीय आमच्याच्यानं," एवढंच म्हणाले, पण फोन काही खाली ठेवला नाही. मग शेजारच्या बाईंना दाखवला, "ह्ये आमचं आण्णा." वर्ग संपला तरी ते पान त्यांनी बंद केलं नव्हतं, मला वाटतं त्यांना बंद कसं करायचं ते येत होतं.

आता ती दुसरी गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते कारण माझ्याच वर्गातली. आमच्या गल्लीतले एक काका, बँकेतनं रिटायर, वर्गातले सगळ्यात हुशार, गृहपाठ करणारे. त्यांचं एक पार्सल अडकलं. त्यांनी मी शिकवल्याप्रमाणं शोधलं, कुरिअरचा कस्टमर केअर नंबर. पहिलाच निकाल, पहिलाच नंबर, फोन लावला, पलीकडचा माणूस अतिशय नम्र, हिंदीत सर सर करत. पत्ता अपडेट करायला पाच रुपये भरा म्हणाला, लिंक पाठवली, एक अॅप टाकायला लावलं, त्या अॅपमधनं काकांचा फोन त्याला तिकडं दिसत होता. अठरा हजार गेले. त्याहून वाईट म्हणजे काका आठ दिवस कुणाला बोलले नाहीत. आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासलेला माणूस, काय सांगणार. मला कळलं तोवर पैसे कुठल्या कुठं पोचलेले. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर मधल्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता तरी असते, एका खात्यातनं दुसऱ्या खात्यात ते पळत असतात, म्हणून तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं. मी 'कसं शोधायचं' शिकवत बसलो होतो.

पुढच्या शनिवारी मी जरा ढेपाळूनच गेलो. म्हटलं आता ह्यांना घाबरवायचं किती आणि शिकवायचं किती. काकांचं नाव न घेता झालेली हकीकत सांगितली (सगळ्यांना माहीत होतं). तर आत्या, जी वर्गात फक्त माझी इज्जत राखायला यायची आणि मागं बसून वाती वळायची, ती म्हणाली, "अरे पण त्या नंबरची चौकशी नको का करायला? स्थळ आलं म्हणून लगेच सुपारी फोडतात का?"

आणि मला माझ्या वर्गाबद्दल जे दोन महिने कळलं नव्हतं ते तिथं कळलं. समोर बसलेली ही सगळी माणसं चौकशीतली मास्टर होती. आत्यानं आमच्या भावकीतल्या अकरा पोरींची स्थळं बघितलीत. तिची पद्धत अशी, की मुलाकडच्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं ऐकून घ्यायचं पण धरायचं नाही. मध्यस्थाला काय मिळणारे ते बघायचं. मग त्यांच्या गावातल्या, त्यांच्याशी काही देणंघेणं नसलेल्या दोन-तीन घरी सहज म्हणून जायचं. त्यांच्या शिंप्याला विचारायचं, मास्तरांना विचारायचं. तिघांचं जुळलं तर पुढं. आणि घाई करणाऱ्याला नकार, "घाई करतोय म्हणजे काहीतरी झाकतोय." आता हे इंटरनेटच्या भाषेत मांडायला मला फार काही करावं लागलं नाही. साइट स्वतःबद्दल काय म्हणते ते बाजूला, इतर जाणती माणसं तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघा. गंमत म्हणजे गूगलची सुरुवातीची सगळी करामत ह्याच तत्त्वावर उभी होती, १९९८ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली, ज्या पानाला चार चांगली पानं लिंक देतात ते वर. चार घरी ज्याचं नाव चांगलं ते स्थळ बरं. त्यांना त्याचे किती पैसे मिळाले हे सांगितल्यावर आत्याच्या वाती थांबल्या होत्या.

मग आमचा वर्ग बदलला. कुठलाही निकाल उघडला की एकच प्रश्न, हे सांगतंय कोण? आयुर्वेदिक काढ्याचं पान, खाली काढा विकायला. मध्यस्थ! विमा कसा निवडावा, खाली एजंटचा फॉर्म. मध्यस्थ! हल्ली सगळ्यात वर यंत्रानंच जुळवून लिहिलेलं उत्तर येतं, त्याला त्यांनी 'चुलत्यानं ऐकलेलं' असं नाव दिलं, बरोबर असेल पण मूळ माणसाला विचारल्याशिवाय धरायचं नाही. आणि कंपनीचा नंबर पाहिजे तर शोधून मिळालेला नाही घ्यायचा, बिलावरचा, पावतीवरचा घ्यायचा, किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन.

उलट उदाहरण म्हणून मी विश्वकोश दाखवला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचा पाया ह्याच गावात बसून घातला, पहिला खंड १९७६ साली आला, तो सगळा आता फुकट नेटवर आहे, आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी आयुष्यभर ऑफिसच्या पाटीखालून जाऊनही कधी उघडला नव्हता. त्यातली नोंद वाचत गेलं की शेवटी लिहिणाऱ्याचं आडनाव असतं. निवृत्त बाईंनी हळदीची नोंद काढली, खाली नाव बघितलं आणि समाधानानं म्हणाल्या, "हे बरं. चुकलं तर कुणाला विचारायचं ते माहीत."

शोधायचे शब्द कसे निवडायचे ह्यावर माझ्याकडं एक अख्खा तास तयार होता, अवतरण चिन्हं, वजाबाकीची खूण, एकाच साइटच्या आत शोधणं वगैरे. त्यातलं फार थोडं टिकलं. अवतरण चिन्हात घातलं की शब्द त्याच क्रमानं शोधतो हे तेवढं सगळ्यांना आवडलं आणि ते वापरायला लागले. एक युक्ती अजून चालते, की प्रश्न न लिहिता उत्तर ज्या पानावर असेल त्या पानावर कुठले शब्द असतील ते लिहायचे. 'माझ्या हळदीची पानं पिवळी का पडली' ऐवजी 'हळद करपा रोग नियंत्रण कृषी विद्यापीठ'. आत्यानं हे ऐकून घेतलं, आणि 'अहो' काही सोडलं नाही. तिचंही अडत नाही म्हणा, आता गूगललाच लांबलचक बोलणं समजायला लागलंय, म्हणजे शेवटी सुधारला तो तोच.

गेल्या श्रावणात आत्या एका ओवीच्या मागं लागली. तिची आई जात्यावर म्हणायची, पहिली ओळ आठवत होती, दुसरी अर्धी. मी तिला पारीच्या, म्हणजे खेड्यापाड्यातलं जगणं जपून ठेवणाऱ्या एका संग्रहाच्या, साइटवर घेऊन गेलो, तिथं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी गावोगाव फिरून जमवलेला जात्यावरच्या ओव्यांचा खजिना आहे, एक लाखाहून जास्त ओव्या, आणि कुठल्या गावात कुठल्या बाईनं म्हटली तेही. चौकशीला जागाच ठेवली नाही. आत्या दोन तास त्यात हरवली. एकेक ओवी वाचायची, हसायची, मधेच गप्प व्हायची. शेवटी मुळशीकडच्या एका बाईंची ओवी सापडली, जवळजवळ तीच.

"ही नव्हे," आत्या म्हणाली.

अगं तीच तर आहे, एक शब्द इकडचा तिकडं.

"तोच तर. आमची आई तिथं भावाचं नाव घ्यायची, ह्या बाईनं पोराचं घेतलंय. सगळीच ओवी बदलली की रे." मग तिनं पूर्ण म्हटली, दुसरी ओळही तिला म्हणताम्हणता आली, ताल धरायला हात पाटावर. म्हणून झाल्यावर फोनकडं बोट करून म्हणाली, "त्यांना कळव. आमच्याकडं अशी म्हणायचे म्हणावं. गाव लिही, आईचं नाव लिही."

मी टाइप करायला फोन घेतला तर म्हणाली, त्यावर नको, आधी कागदावर घे, आणि तीनदा म्हणून घेतली माझ्याकडनं.